भाव, भाकीत आणि निकाल : रग्बीच्या पैजांचा इतिहास

#धागा #इतिहास #रग्बी

१/ १९ सप्टेंबर २०१५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहर. रग्बी विश्वचषकात समोरासमोर होते दक्षिण आफ्रिका आणि जपान. दक्षिण आफ्रिका दोन वेळचा विश्वविजेता. जपानने आधीच्या सात विश्वचषकांत मिळून एकच सामना जिंकला होता, तोही १९९१ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध. सामन्यापूर्वीच्या लेखांत कोण जिंकणार याची चर्चा फारशी नव्हतीच. दक्षिण आफ्रिका किती गुणांनी जिंकणार, एवढाच काय तो प्रश्न होता. निकाल लागला : जपान ३४, दक्षिण आफ्रिका ३२.

२/ इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत मोठा धोका असतो तो पश्चातबुद्धीचा. निकाल ठाऊक झाला की मागची प्रत्येक घटना त्याच दिशेने जात होती असे भासू लागते. म्हणूनच निकालाच्या आधी लिहिलेला पुरावा मोलाचा ठरतो. खेळाच्या इतिहासात असा पुरावा दोन ठिकाणी सापडतो : सामन्यापूर्वीच्या भाकितांत आणि पैजेच्या भावांत. पुढे काय घडले हे त्यांवरून कळत नाही. पण त्या दिवशी लोक काय खरे मानत होते, हे मात्र नेमके कळते.

३/ आधी भावाची भाषा. ब्रिटिश पद्धतीत ‘४ ला १’ असा भाव असेल, तर १ पौंड लावणाऱ्याला जिंकल्यास ४ पौंड नफा आणि स्वतःचा १ पौंड परत मिळतो. याचा अर्थ, भाव लावणाऱ्याच्या लेखी त्या संघाची जिंकण्याची शक्यता सुमारे पाचात एक, म्हणजे २० टक्के आहे. ‘१ ला ४’ असा भाव असेल तर ४ पौंड लावून केवळ १ पौंड नफा. म्हणजे शक्यता ८० टक्के. थोडक्यात, भाव हे पैशांत मांडलेले मत असते.

४/ हे मत निःस्वार्थी मात्र नसते. दोन तुल्यबळ पर्यायांसाठी बुकी दशांश पद्धतीने १.९० असा भाव देतो, असे समजा. न्याय्य भाव २.०० असायला हवा. १.९० नुसार प्रत्येक पर्यायाची शक्यता सुमारे ५२.६ टक्के होते आणि दोन्हींची बेरीज १०५ टक्क्यांच्या वर जाते. हा वरचा वाटा दुकानदाराचा. दीर्घकाळ अंदाजपंचे पैसे लावणारा माणूस दर १०० पौंडांमागे सरासरी ५ पौंड गमावतो. त्याचे नशीब खराब असण्याची गरज नसते. गणितच तसे बसवलेले असते.

५/ पैजेच्या धंद्याला रग्बीने एक विशेष अडचण निर्माण केली. या खेळात बलवान संघ सहसा जिंकतोच. फुटबॉलमध्ये एखादा गोल सगळा सामना फिरवू शकतो. रग्बीत ८० मिनिटांत गुण मिळवण्याच्या अनेक संधी येतात. स्क्रममध्ये वरचढ असलेला संघ समोरच्याला चुका करायला भाग पाडतो, पेनल्टी मिळवतो, चेंडू आणि मैदान दोन्ही ताब्यात ठेवतो. छोटी छोटी सरशी साचत जाते आणि योगायोगाला वाव कमी उरतो.

६/ दोन टोकाची उदाहरणे पाहा. ४ जून १९९५ रोजी ब्लूमफाँटेन येथे न्यूझीलंडने जपानला १४५–१७ असे हरवले, तेही अनेक राखीव खेळाडू उतरवून. २५ ऑक्टोबर २००३ रोजी ॲडलेडमध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाविरुद्ध १४२–० असा विजय मिळवला. अशा सामन्यांत ‘कोण जिंकणार’ यावर पैज लावायला कोण तयार होईल? बलवान संघावर लावलेल्या पैशाला नफा जवळपास शून्य.

७/ यावरचा उपाय घोड्यांच्या शर्यतीतून आला : हँडिकॅप. शर्यतीत सरस घोड्यावर जास्त वजन लादतात; रग्बीत दुबळ्या संघाला कागदावर आधीच गुण देतात. समजा, एखाद्या संघाला ३० गुणांची सूट आहे आणि तो प्रत्यक्षात २५ गुणांनी हरला. मैदानावर त्याचा पराभव झाला, पण पैजेच्या हिशेबात तो जिंकला. अशा रीतीने रग्बीच्या भाकिताचा प्रश्नच बदलला. विजेता सांगणे पुरेसे राहिले नाही. दोन संघांमधील अंतर मोजणे आले.

८/ आता थोडे मागे जाऊ. २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. प्रत्येक बाजूला २० खेळाडू होते आणि स्कॉटलंडने इंग्लंडला हरवले. याच वर्षी लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली होती. तिच्या नेतृत्वात उच्चभ्रू शाळांतून आलेल्या सद्‌गृहस्थांचा भरणा होता. खेळ हा छंदापुरताच असावा, पैशाचा स्पर्श त्याला होऊ नये, ही त्यांची निष्ठा होती.

९/ उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत चित्र वेगळे होते. १८७७ पासून खेळल्या जाणाऱ्या यॉर्कशायर चषकाने तिथे प्रचंड गर्दी खेचली. चषक म्हणजे चुरस, चुरस म्हणजे गर्दी आणि गर्दीबरोबर पैसा व पैजा. युनियनमधील सनातनी मंडळींना या साखळीचीच धास्ती होती. इंग्लंडमधील रग्बी युनियन क्लबांची देशव्यापी साखळी स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली, यावरून ही धास्ती किती खोल रुजली होती हे ध्यानात येते.

१०/ फूट पडली ती मजुरीच्या प्रश्नावर. शनिवारी खेळण्यासाठी कामगाराचा रोजगार बुडत असे. त्याची भरपाई देण्यास युनियनने नकार दिला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात झालेल्या बैठकीतून नॉर्दर्न युनियन जन्मली. पुढे तिचेच रग्बी लीग झाले. पैशापासून खेळ शुद्ध राखण्याचे तत्त्व उदात्त वाटते खरे. मात्र ज्यांची उपजीविका मजुरीवर होती, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

११/ दहा वर्षांनी भाकिताची पहिली मोठी फजिती झाली. सप्टेंबर १९०५ मध्ये न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. पहिला सामना १६ सप्टेंबरला एक्सेटर येथे डेव्हन काउंटीशी होता. दूरच्या वसाहतीतून आलेल्या या पाहुण्यांकडून कोणाला फारशी अपेक्षा नव्हती. न्यूझीलंडने ५५–४ असा विजय मिळवला. तारेने आलेला हा आकडा काही वृत्तपत्र कचेऱ्यांना चुकीचा वाटला, अशी कथा आजही सांगितली जाते. कथा रंगवलेली असेलही. पण ती टिकून राहिली, कारण त्या काळचे गृहीतक तिच्यात अचूक पकडले गेले आहे.

१२/ तीन महिन्यांत मताचे पारडे पूर्ण उलटले. न्यूझीलंडने सलग २७ सामने जिंकले. स्कॉटलंड १२–७, आयर्लंड १५–०, इंग्लंड १५–० अशा क्रमाने बड्या संघांचा निकाल लागला. जे संघ सप्टेंबरात नवखे मानले गेले, ते डिसेंबरात अजिंक्य ठरले. उरला होता फक्त वेल्स. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ आर्म्स पार्क.

१३/ वेल्सने इतरांसारखे केवळ धास्तावून न जाता प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास केला. न्यूझीलंड स्क्रममध्ये सात जण उतरवी आणि कर्णधार डेव्ह गॅलाहर बाहेर मोकळा राहून धावपळ करी. वेल्सनेही आपली रचना बदलली आणि क्लिफ प्रिचर्डला जादा खेळाडू म्हणून मागे ठेवले. डिकी ओवेनने एक चाल आधीच बसवली होती : एका बाजूला धावण्याचा आभास निर्माण करायचा आणि चेंडू उलट दिशेला फेकायचा. त्या चालीवर टेडी मॉर्गनने ट्राय केली. वेल्स ३, न्यूझीलंड ०.

१४/ उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेपर्यंत पोहोचला. आपण चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता आणि आपल्याला मागे ओढले गेले, असे त्याचे म्हणणे होते. पंच जॉन डॅलस यांनी ट्राय नाकारली. डीन्सने ‘डेली मेल’ला तार पाठवून आपला दावा मांडला. तीन वर्षांत, २४ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. वाद मात्र शतकभर जिवंत राहिला. ३५ सामन्यांच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंडने ९७६ गुण केले, ५९ दिले आणि एकच सामना गमावला. लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच एक.

१५/ ब्रिटिश कायद्यानेही पैजेला दोन न्याय लावले. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरील पैजांवर बंदी घातली. शर्यतीच्या मैदानावर पैसे लावणे चालत असे. पतीवर व्यवहार करू शकणाऱ्या सधन गिऱ्हाईकाला फोनवरूनही पैज लावता येई. गल्लीतल्या कामगाराने रोख चार शिलिंग लावले तर तो गुन्हा. १९६० च्या कायद्याने ही विषमता दूर झाली आणि १ मे १९६१ पासून पैजेची अधिकृत दुकाने उघडली. खेळाडू हौशी आणि त्यांच्यावर लावला जाणारा पैसा कायदेशीर, असा विचित्र काळ पुढे ३४ वर्षे चालला.

१६/ तो काळ संपला १९९५ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना मोबदला देण्यावरील बंदी उठवली. त्याच्या दोनच महिने आधी, २४ जूनला, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. उपांत्य फेरीत न्यूझीलंडने इंग्लंडला ४५–२९ ने नमवले होते आणि जोना लोमूने एकट्याने चार ट्राय केल्या होत्या. बहुतेकांचा कौल न्यूझीलंडकडे होता. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने दक्षिण आफ्रिका १५–१२ अशी जिंकली.

१७/ सामन्याच्या दोन दिवस आधी न्यूझीलंडचे अनेक खेळाडू आजारी पडले होते. प्रशिक्षक लॉरी मेन्स यांनी जाणीवपूर्वक विषबाधा झाल्याचा आरोप केला. ‘सूझी’ नावाच्या एका वेट्रेसचे नाव पुढे आले आणि त्यामागे पैजेची टोळी असल्याच्याही वावड्या उठल्या. आजारपण खरे होते. ते कोणी घडवून आणले, हे कधीही सिद्ध झाले नाही. कार्डिफची ट्राय आणि जोहान्सबर्गचे जेवण यांत एक साम्य आहे : भाकीत फार पक्के असले की पराभवाला वेगळे कारण शोधावेसे वाटते. आणि जिथे पैशांची उलाढाल मोठी, तिथे संशयही लवकर पसरतो.

१८/ १९९९ चे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे. फ्रान्स त्या वर्षी फाइव्ह नेशन्स स्पर्धेत तळाला होता. जूनमध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडने त्यांचा ५४–७ असा धुव्वा उडवला. ३१ ऑक्टोबरला ट्विकनहॅमवर हेच दोन संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भेटले. उत्तरार्धाच्या सुरुवातीला न्यूझीलंड २४–१० ने पुढे. मग फ्रान्सने ओळीने ३३ गुण केले आणि सामना ४३–३१ ने जिंकला. क्रिस्तोफ लामेझोंने एकट्याने २८ गुण केले.

१९/ मग भाकीत करणारे मूर्ख होते का? तसे म्हणता येणार नाही. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरा. बाद फेरीचे तीन सामने सलग जिंकण्याची शक्यता होते ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के. जगातला निर्विवाद सर्वोत्तम संघही जवळपास निम्म्या वेळा चषकाविना परततो. १९८७ नंतर न्यूझीलंडला पुढचा विश्वचषक मिळायला २०११ साल उजाडले. त्या २४ वर्षांतील शोकांतिकेचा मोठा भाग या साध्या गुणाकारात सामावलेला आहे.

२०/ भाकिताला अधिकृत रूप मिळाले ते ऑक्टोबर २००३ मध्ये, जागतिक क्रमवारीच्या रूपाने. प्रत्येक देशाला ० ते १०० मधील गुणांक असतो. यजमान संघाचा गुणांक त्या सामन्यापुरता ३ ने जास्त धरतात. जिंकणारा जितके मिळवतो, तितकेच हरणारा गमावतो. दोघांतील अंतर १० किंवा अधिक असेल तर बलवानाला विजयाबद्दल शून्य मिळते. दुबळा जिंकला तर त्याला भरपूर मिळते. १५ हून अधिक गुणांच्या विजयाला दीडपट आणि विश्वचषकात दुप्पट मोल. म्हणजे अपेक्षित विजयाला किंमत नाही; जे अनपेक्षित, तेच नवी माहिती देते.

२१/ या क्रमवारीत २०१५ च्या विश्वचषकाआधी दक्षिण आफ्रिका तिसरी, जपान तेरावा. पण भाकितांनी कमी लेखलेले काही पुरावे आधीच समोर होते. २०१२ पासून प्रशिक्षक एडी जोन्स यांनी जपानची तयारी अत्यंत कठोर शिस्तीने घेतली होती. स्टीव्ह बोर्थविक लाइनआउटसाठी आणि मार्क दाल मासो स्क्रमसाठी असे जाणकार सोबत होते. जून २०१३ मध्ये टोकियोत जपानने वेल्सला २३–८ ने हरवले. तो विजय मोजला गेला नाही, कारण वेल्सचे प्रमुख खेळाडू लायन्स संघाबरोबर दौऱ्यावर होते. कारण रास्त होते. निष्कर्ष अपुरा होता.

२२/ ब्रायटनला शेवटच्या मिनिटांत धावफलक ३२–२९ असा होता आणि जपानला पेनल्टी मिळाली. गोलावर किक मारली असती तर बरोबरी जवळपास हातात होती आणि तीही ऐतिहासिक ठरली असती. प्रशिक्षकाची इच्छाही तीच होती. कर्णधार मायकल लीच यांनी मैदानावर वेगळा निर्णय घेतला : बरोबरी नको, ट्रायसाठी खेळायचे. ८० मिनिटे उलटून गेल्यावर कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय केली. कोणत्याही भाव-पत्रकात या निर्णयासाठी रकाना नव्हता.

२३/ चमत्काराची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. चारच दिवसांनी स्कॉटलंडने जपानला ४५–१० ने हरवले. जपानने गटातील चारपैकी तीन सामने जिंकूनही उपांत्यपूर्व फेरी गाठली नाही. असे घडलेला तो पहिलाच संघ. दक्षिण आफ्रिका सावरली आणि तिसऱ्या स्थानावर पोहोचली. एका दुपारच्या धक्क्याने बलाबल संपूर्ण पालटत नाही. पण ते मोजण्याची नजर पालटू शकते.

२४/ त्याचा प्रत्यय २०१९ मध्ये जपानातच आला. स्पर्धा सुरू होताना क्रमवारीत अव्वल असलेल्या आयर्लंडला जपानने शिझुओकात १९–१२ ने हरवले आणि गटातील चारही सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली. अंतिम फेरीत, न्यूझीलंडला १९–७ ने नमवून आलेल्या इंग्लंडकडे बहुतेकांचा कौल होता. दक्षिण आफ्रिका तर गटातला पहिलाच सामना न्यूझीलंडकडून हरली होती आणि असा पराभव पचवून कोणीही आजवर विश्वचषक जिंकला नव्हता. योकोहामात ती ३२–१२ ने जिंकली. ‘आजवर घडले नाही’ हे वाक्य इतिहासात खरे असते. भविष्यासाठी ते पुरावा ठरत नाही.

२५/ आता पैज खिशातल्या फोनवर आली आहे आणि सामना चालू असताना दर क्षणाला भाव हलतो. त्यामुळे संघाच्या आतल्या गोटातील माहितीचे मोल वाढले. कोणाचा गुडघा दुखावला, अंतिम पंधरात कोण नाही, हे जाहीर होण्याआधी कळणे म्हणजे पैसा. म्हणूनच जागतिक संघटनेचे नियम खेळाडू, प्रशिक्षक व पंचांना रग्बीवर पैज लावण्यास आणि अशी माहिती फोडण्यास मनाई करतात. १८९५ च्या सद्‌गृहस्थांना वाटणारी भीती अगदीच निराधार नव्हती. चूक एवढीच की, त्यांनी तिचा भार कामगार खेळाडूच्या मजुरीवर टाकला.

२६/ जुन्या सामन्याचा अभ्यास करताना म्हणूनच आधी निकाल झाकून ठेवावा. सामन्यापूर्वीचे लेख वाचावेत, भाव पाहावेत आणि विचारावे : हे लोक कशाच्या आधारे असे म्हणत होते? कोणता पुरावा त्यांनी मोजला आणि कोणता बाजूला सारला? १९०५ मध्ये एक्सेटरच्या प्रेक्षकांनी वसाहतीला कमी लेखले, २०१५ मध्ये जगाने आशियाई संघाला. दोन्ही वेळी आकडे खोटे नव्हते. आकड्यांच्या मागचे जग बदलले होते आणि ते कोणी पुरते मोजले नव्हते.